थोराड बांध्याच्या माणसाने लांबच्या मोहिमेसाठी सागरी कयाक कशी निवडावी

ग्रीनलंडमधील शिकारी आपली कयाक स्वतःच्या अंगाच्या मापाने बांधत असत. लांबी सुमारे तीन वाव, रुंदी नितंबांच्या रुंदीपेक्षा दोन मुठींनी जास्त आणि बसण्याच्या जागेची खोली मूठ व तिच्यावर ताठ केलेला अंगठा एवढी, अशी मापे परंपरेने सांगितली जातात. थोराड माणसाची कयाक आपोआप थोराड होई, किरकोळ माणसाची किरकोळ. ‘मोठ्या मापाची कयाक’ असा वेगळा प्रकार तेथे असण्याचे कारणच नव्हते. साच्यातून कयाक निघू लागल्यावर अंग आणि होडी यांच्यातील हा संबंध तुटला. मध्यम बांधा डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या कयाकमध्ये शंभर किलोंहून अधिक वजनाचा किंवा सहा फुटांहून उंच माणूस बसला की मांड्या आवळतात, पावले वळत नाहीत आणि पाणी डेकच्या, म्हणजे कयाकच्या वरच्या पृष्ठभागाच्या, कडेशी येऊन थांबते.

यावर पहिला उपाय सुचतो तो रुंद कयाक घेण्याचा, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. शरीराला जागा हवी असते ती मांड्यांच्या वर, पावलांशी आणि नितंबांच्या दोन्ही बाजूंना, तर सामानाला हवी असते ती डेकखाली. ही जागा उंची वाढवून, आसन बदलून किंवा एकूण घनफळ वाढवूनही मिळते. रुंदी हा तिचा एक भाग आहे आणि तो सर्वांत महाग पडणारा आहे, कारण त्याची किंमत वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला मोजावी लागते. म्हणून निवडीची सुरुवात दुकानातील रांगेपासून न करता कागद, पेन आणि वजनकाटा यांच्यापासून करावी.

पहिली पायरी: भाराची बेरीज

स्वतःचे वजन प्रवासाच्या कपड्यांसह काट्यावर पाहावे. आठवणीतले वजन बहुधा कमी असते. त्यात जीवरक्षक जाकीट, स्प्रेस्कर्ट (कमरेभोवती घालून बसण्याच्या जागेचे तोंड पाण्यापासून झाकणारा घेर) आणि वल्हे मिळवावे. मग तंबू, झोपण्याची पिशवी, स्टोव्ह व इंधन. नंतर पंप, जोडवल्हे, दुरुस्तीचे व प्रथमोपचाराचे साहित्य. शेवटी अन्न आणि पाणी. कोरडे अन्न दर दिवशी सुमारे ९०० ग्रॅम धरले तरी चालते, परंतु पाण्याबाबत काटकसरीचा हिशेब करू नये. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दिवसाला चार लिटर हा आकडा मोठ्या शरीराला उष्ण हवेत अपुराही पडू शकतो.

उदाहरणार्थ, ११२ किलो वजनाचा माणूस दहा दिवसांच्या प्रवासाला निघाला आहे आणि पाच दिवसांनी पाणी पुन्हा भरता येणार आहे. अंगावरचे साहित्य ८ किलो, मुक्कामाचे सामान २२, सुरक्षेचे व दुरुस्तीचे ८, अन्न ९ आणि पाणी २० किलो. बेरीज १७९ किलो होते. हाच माणूस एका दिवसाच्या फेरीला गेला तर बेरीज १३१ किलोंच्या आसपास राहते. हे दोन्ही आकडे लिहून ठेवावेत, कारण कयाकला दोन्ही दिवस नीट वागायचे आहे.

या ४८ किलोंच्या फरकाने काय घडते ते पाहू. सव्वापाच मीटर लांबीच्या ऐसपैस सागरी कयाकने पाण्याच्या पातळीवर व्यापलेले क्षेत्रफळ साधारण १.७ चौरस मीटर असते. समुद्राच्या पाण्याचे वजन लिटरला सुमारे १.०२५ किलो, म्हणजे दर १७ किलोंच्या आसपास भाराने होडी एक सेंटीमीटर खाली बसते. ४८ किलोंनी ती पावणेतीन सेंटीमीटर खाली जाईल. आकडा किरकोळ वाटतो, परंतु आधीच खोल बसलेल्या कयाकच्या पाण्यावर राहिलेल्या बाजू मध्यभागी मुळात थोड्याच असतात. त्यातून पावणेतीन सेंटीमीटर गेले की प्रत्येक लाट डेकवरून वाहते, होडी कलल्यावर सावरून धरणारा वरचा घेर लवकर बुडतो आणि वळणे जड होते. याच्या उलट, मोठ्या घनफळाची कयाक कमी भाराने चालवली तर ती बुचासारखी वर राहते, वारा तिच्या बाजूंना धरतो आणि ती सरळ ठेवण्यातच शक्ती संपते. थोराड माणसाचा एक फायदा येथे आहे: तो स्वतःच निम्म्याहून अधिक भार असल्यामुळे मोठी कयाक रिकाम्या दिवशीही त्याला तितकी छळत नाही.

दुसरी पायरी: तक्ता वाचणे

उत्पादकाच्या तक्त्यात लांबी, रुंदी, घनफळ, कॉकपिटच्या (बसण्याच्या जागेच्या) तोंडाचे माप आणि कमाल भार असे पाच आकडे असतात, आणि त्यांपैकी कमाल भार हा सर्वांत कमी भरवशाचा. कोणी तो होडी जेमतेम तरंगेल तेथवर मोजतो, कोणी ती नीट चालेल तेथवर, आणि कोणती रीत वापरली हे बहुधा लिहिलेले नसते. माझा ठोकताळा असा की आपली मोहिमेची बेरीज छापील कमाल भाराच्या तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त होत असेल तर ती कयाक यादीतून काढावी. शक्य असेल तर उत्पादकाला थेट विचारावे की आखणी करताना पाण्याची रेषा किती एकूण वजनाला धरली होती. याचे उत्तर मिळाले तर बाकीच्या तक्त्याची फारशी गरज उरत नाही.

घनफळ लिटरमध्ये दिलेले असते. किरकोळ बांध्यासाठीच्या सागरी कयाक ३०० लिटरच्या आसपास किंवा त्याखाली असतात, तर मोठ्या माणसासाठी व लांबच्या प्रवासासाठी ३६० ते ४२० लिटरचा पट्टा पाहावा. अनेक उत्पादक एकाच आखणीची कमी, मध्यम व जास्त घनफळाची रूपे विकतात आणि नावापुढे एलव्ही, एमव्ही, एचव्ही अशी अक्षरे जोडतात. पी अँड एच या ब्रिटिश उत्पादकाच्या सीटस व स्कॉर्पिओ या कयाक अशा तिन्ही मापांत निघाल्या आहेत. मात्र ही अक्षरे त्या त्या उत्पादकापुरतीच खरी असतात. एकाचे ‘मध्यम’ दुसऱ्याच्या ‘मोठ्या’ इतके असू शकते, म्हणून अक्षर बाजूला ठेवून लिटर पाहावेत.

लांबीबाबत मोठ्या माणसाला सतराअठरा फुटांपेक्षा लांब कयाकच हवी, असा समज आहे. पाण्याच्या रेषेची लांबी १६ फूट असेल तर लाटांच्या रोधाने वेगाला पडणारी व्यावहारिक मर्यादा सुमारे ५.४ नॉट (तासाला तितके सागरी मैल) येते. लादलेली कयाक दिवसभर मात्र ३ ते ४ नॉटनेच चालते. त्यामुळे जादा लांबीचा उपयोग वेगापेक्षा भार पसरण्यासाठी आणि सामान मावण्यासाठी अधिक. ५.१ ते ५.५ मीटर ही लांबी बहुतेकांना पुरते.

रुंदीचा हिशेब अधिक बारकाईने करावा. बाकी सर्व सारखे धरले तर तोल राखण्याची सुरुवातीची ताकद रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ५५ सेंटीमीटरवरून ५९ सेंटीमीटरवर गेले तर रुंदी सात टक्क्यांनी वाढते, परंतु ही ताकद जवळजवळ एक-चतुर्थांशाने वाढते. उंच, रुंद छातीच्या माणसाचा गुरुत्वमध्य वर असल्याने त्याला यातील काही वाढ खरोखरच हवी असते. ५७ ते ६१ सेंटीमीटर हा पट्टा म्हणूनच योग्य ठरतो. त्याच्या पुढे वल्हे दूरवर टेकवावे लागते, २२० ते २३० सेंटीमीटर लांबीचे वल्हे घ्यावे लागते आणि बाजूने येणाऱ्या उभ्या लाटेवर रुंद तळ लाटेच्या उताराबरोबर कलतो. शांत पाण्यात खाटेसारखी वाटणारी होडी खवळलेल्या पाण्यात अस्वस्थ करते, ते याच कारणाने.

तिसरी पायरी: जमिनीवर बसून पाहणे

ही पायरी घाईत उरकली जाते. तिला किमान एक तास द्यावा, आणि पाण्यात घालायचे जोडे, कपडे व जाकीट अंगावर असावे. पातळ पँट व मोजे घालून पसंत केलेली कयाक जाड कपड्यांत आणि जाड तळव्याच्या जोड्यांत परकी वाटते. मी स्वतः ही चूक एकदा केली आहे आणि पावले तिरकी ठेवून एक हंगाम काढला आहे.

आधी आत शिरणे आणि बाहेर येणे. कॉकपिटचे तोंड कुलपाच्या छिद्रासारखे लांबट असावे, साधारण ८० ते ८५ सेंटीमीटर लांब आणि ४० सेंटीमीटर किंवा थोडे अधिक रुंद. जुन्या मोहिमी कयाकचे तोंड लहान व गोलसर असे. १९७५ साली नॉर्वेच्या उत्तर टोकाला वळसा घालणाऱ्या मोहिमेवरून नाव मिळालेली नॉर्डकाप ही कयाक जेमतेम ५३ सेंटीमीटर रुंद होती, आणि न्यूझीलंडच्या पॉल कॅफिनने १९८१-८२ मध्ये ३६० दिवसांत ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा तिच्यातूनच केली. त्या आखणीचे मोठेपण मान्य करूनही सांगावे लागते की रुंद नितंबांच्या व लांब पायांच्या माणसाने तोंड लहान असलेल्या कयाकच्या वाटेला जाऊ नये. आसनावर बसल्यानंतर एक एक गुडघा वर काढता आला पाहिजे. हे जमत नसेल तर किनाऱ्याच्या लाटांमध्ये उतरण्याची वेळ येईल तेव्हा पाय अडकेल.

नितंबांच्या दोन्ही बाजूंना बोटांची जाडी एवढी मोकळीक पुरते. आसन अरुंद वाटले म्हणून लगेच कयाक नाकारू नये, कारण बाजूच्या पट्ट्या बऱ्याचदा स्क्रूने बसवलेल्या असतात व सरकवता किंवा काढता येतात. तंतुमय (काचतंतू, कार्बन अशा धाग्यांच्या) कयाकमध्ये आसन काढून तळाला घट्ट फोमचे कोरलेले आसन चिकटवता येते, आणि त्यामुळे रुंदीही मिळते व बैठकही खाली जाते. बैठक दोन सेंटीमीटर खाली गेल्याने जड माणसाला मिळणारे स्थैर्य रुंदी वाढवून मिळणाऱ्या स्थैर्यापेक्षा स्वस्त पडते.

मांड्यांची तपासणी त्याहून महत्त्वाची आहे. गुडघे किंचित बाहेर वळवून मांड्या डेकखालच्या आधारांना लागल्या पाहिजेत, परंतु पाय सैल सोडल्यावर तेथे दाब राहता कामा नये. हाताचा तळवा मांडी आणि डेक यांच्यामध्ये सहज सरकावा. दहा मिनिटे बसून पाहावे, मग वीस. पावलांना मुंग्या येऊ लागल्या तर दोष सहसा आसनाच्या पुढच्या कडेचा असतो. मांडीखाली आधार नसल्याने सारा भार बैठकीच्या हाडांवर आणि तेथून जाणाऱ्या मज्जातंतूवर येतो. मांड्यांखाली उतरता फोम ठेवल्याने मुंग्या थांबल्या तर कयाक निर्दोष आहे. डेक खाली असल्याने गुडघाच दाबला जात असेल तर मात्र कोणत्याही फोमने ते सुधारत नाही.

पावलांचे असेच आहे. युरोपीय मापाच्या सेहेचाळीस-सत्तेचाळीस नंबरच्या जोड्यातील पाऊल उभे राहील एवढी उंची डेकखाली लागते, आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, डेक झपाट्याने उतरतो. म्हणून ज्याचे पाय लांब त्याची पावले अधिक उतरत्या जागी जातात, ही मोठ्या माणसाची दुहेरी अडचण होय. पायटेकू शेवटच्या खाचेपर्यंत सरकवावे आणि तेथे पाऊल पुढेमागे हलवून पाहावे. शेवटच्या खाचेतही गुडघे उंच राहत असतील तर पायटेकू काढून पुढच्या बल्कहेडला, म्हणजे कॉकपिट व सामानाचा कप्पा वेगळे करणाऱ्या आडव्या भिंतीला, फोमचा जाड ठोकळा लावता येतो. नवी तंतुमय कयाक मागवताना काही उत्पादक बल्कहेड सांगितलेल्या मापावर बसवून देतात, आणि मोठ्या माणसासाठी जादा पैसे देण्याजोगी ही पहिली गोष्ट आहे.

पाठीचा पट्टा कॉकपिटच्या मागील कडेच्या वर येऊ नये. उंच पाठीचे आसन दुकानात सुखावते, परंतु मागे झुकण्याच्या आड येते आणि स्प्रेस्कर्ट नीट बसू देत नाही. स्प्रेस्कर्टचा घेर कयाकच्या तोंडावरून ठरतो आणि कमरेची नळी माणसावरून. ही दोन मापे वेगवेगळी सांगता येणारा शिवणारा शोधावा.

सामानाची जागा

हॅच, म्हणजे सामानाच्या कप्प्याचे झाकण लावायचे तोंड, मोठे असणे आणि जागा मोठी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लंबगोल हॅच साधारण ४४ बाय २६ सेंटीमीटरचे असते आणि गोल हॅच २४-२५ सेंटीमीटर व्यासाचे. मोठ्या माणसाची झोपण्याची पिशवी, गादी आणि कपडे सर्वच आकाराने मोठे असतात, म्हणून निदान मागचे हॅच लंबगोल असावे. आपल्या खऱ्या पिशव्या सोबत नेऊन भरून पाहाव्यात. स्केगची (तळाखाली उतरवता येणाऱ्या, न वळणाऱ्या पात्याची) पेटी मागच्या कप्प्याच्या मधोमध येते व लांब वस्तू आडवते, हे भरल्याशिवाय कळत नाही.

आसनामागचे बल्कहेड पाठीला लागून आणि शक्यतो तिरके असावे. आसन व बल्कहेड यांच्यामध्ये वीतभर पोकळी राहिली तर ती उलटल्यावर पाण्याने भरते, आणि ऐसपैस कॉकपिटमध्ये मुळातच अधिक पाणी शिरते. ते सारे हातपंपाने काढावे लागते.

पाणी व डबे अशा जड वस्तू कॉकपिटच्या लगत, तळाशी आणि दोन्ही बाजूंना विभागून ठेवाव्यात. होडी स्थिर राहावी म्हणून तळाशी घातलेल्या ज्या भाराला जुने दर्यावर्दी नीरम म्हणत त्याचे काम त्या करतात. पाच दिवसांत वरील उदाहरणातील २० लिटर पाणी आणि साडेचार किलो अन्न संपते, म्हणजे कयाक जवळजवळ दीड सेंटीमीटर वर येते. सर्व पाणी मागेच ठेवले असेल तर तिचा पुढचा-मागचा तोलही बदलतो. वरामा, म्हणजे मागचे टोक, हलके झाले की कयाक वाऱ्याकडे तोंड करू पाहते; तो जड असेल तर ती वाऱ्यापासून दूर वळते.

स्केग की सुकाणू

या वादात मी एका बाजूला नाही, परंतु मोठ्या व लादलेल्या कयाकसाठी सुकाणू घ्यायचेच झाले तर पायटेकू स्थिर राहून फक्त बोटांच्या टोकाशी वळणारी पट्टी असलेली रचना घ्यावी. संपूर्ण पायटेकूच पुढेमागे सरकणाऱ्या जुन्या रचनेत बळकट पायांना रेटा द्यायला काही उरत नाही आणि केबलवर ताण येतो. स्केग साधे असते व रिकाम्या दिवशी वाऱ्यातील ओढ शमवायला पुरते.

चौथी पायरी: पाण्यात, दोनदा

पहिल्यांदा रिकामी आणि दुसऱ्यांदा भरलेली, अशी कयाक दोनदा चालवल्याशिवाय विकत घेऊ नये. पाण्याने भरलेल्या पिशव्या हा भाराचा सर्वांत सोपा पर्याय आहे. आपल्या बेरजेतील ६७ किलो सामानापैकी अंगावरचे ८ वगळून सुमारे ६० लिटर पाणी कप्प्यांत विभागून ठेवावे. सोबत्याला बाजूने छायाचित्र काढायला सांगावे आणि पाण्याची रेषा कोठे आली ते, तसेच नाळ व वरामा सारख्या बसल्या आहेत का ते, सावकाश पाहावे. कॉकपिटच्या बाजूला डेकची शिवण पाण्याला टेकत असेल तर पुढचे काही तपासण्याची गरज नाही.

वारा असलेला दिवस निवडावा. वाऱ्याला आडवे, मग पाठीवर घेऊन, मग तोंडावर घेऊन प्रत्येकी पंधरा मिनिटे चालवावे. कड देऊन, म्हणजे एका बाजूला मुद्दाम कलती करून, कयाक वळते का, आणि कड धरून ठेवताना मांडीचा आधार सुटत नाही ना, हे पाहावे. दोन तासांनी किनाऱ्यावर उतरून लगेच उभे राहता आले पाहिजे. पाय बधिर झाल्यामुळे लाटेत कोसळणारा माणूस कुशल असूनही धोक्यात असतो.

त्याच दिवशी मुद्दाम उलटून पुन्हा चढण्याची परीक्षा घ्यावी. जास्त घनफळाच्या कयाकचा मागचा डेक उंच असतो आणि जड शरीर पाण्यातून त्यावर ओढून घेणे अवघड असते, म्हणून डेकची उंची आरामाइतकीच सुटकेच्या दृष्टीनेही तोलावी. वल्ह्याला फ्लोट (तरंगणारी पिशवी) लावून, तसेच सोबत्याने कयाक धरलेली असताना, असे दोन्ही प्रकारे चढून पाहावे. हाताच्या जोरावर जमत नसेल तर पट्ट्याचा फास करून त्यात पाय ठेवून चढण्याची रीत शिकून घ्यावी आणि तो फास आपल्या मापाने कापून कायम जवळ ठेवावा. सोबती हलका असेल तर त्याला एवढे वजन सावरता येते का, हेही आताच कळलेले बरे. कोणत्याही रीतीने तीन प्रयत्नांत आत येता येत नसेल, तर अधिक सराव किंवा खालच्या डेकची कयाक यांपैकी एक गोष्ट लागेल.

साहित्य, वजन आणि एक पर्याय

मोठ्या मापाची पॉलिथिलीनची कयाक २८ ते ३२ किलोंची असते, काचतंतूची २५ ते २८, आणि कार्बन किंवा केव्हलारची त्याहून काही किलो हलकी. पॉलिथिलीन खडकांवर घासले तरी टिकते, परंतु जड भाराखाली आसनाच्या खालचा तळ आत दबतो. वापरलेली कयाक घेताना तो भाग हात फिरवून पाहावा. लादलेली कयाक दोघांनी उचलू नये. रुंद पट्टे खालून घालून चौघांनी ती न्यावी, आणि तेवढी माणसे नसतील तर किनाऱ्यावरच रिकामी करावी.

एकासनी कयाकमध्ये काही केल्या जागा पुरत नसेल तर दुहेरी कयाक वापरण्याचा मार्ग उरतो. जर्मन डॉक्टर हान्स लिंडेमानने १९५६ साली अटलांटिक महासागर ७२ दिवसांत ओलांडला तो क्लेपर एरियस या घडीच्या दुहेरी कयाकमधून, आणि तिची रुंदी ८७ सेंटीमीटर होती. मात्र त्याने शिडेही वापरली. एकट्याने केवळ वल्ह्याच्या जोरावर एवढी रुंद होडी वाऱ्याविरुद्ध नेणे ही वेगळीच मजुरी आहे, त्यामुळे हा पर्याय जोडीदार मिळेल तेव्हाच विचारात घ्यावा.

कयाक घरी आल्यावर फोमच्या गाद्या लगेच चिकटवू नयेत. पहिल्या दोनतीन फेऱ्यांत त्या चिकटपट्टीने धराव्यात, थोड्याथोड्या तासाव्यात, आणि भरलेल्या कयाकमध्ये चार तास बसून झाल्यावरच गोंद लावावा. गोंद लावल्यानंतर डब्यावर सांगितलेला वेळ कयाक सावलीत कोरडी ठेवावी.